ओस्ट्रँडरच्या बाजूने कोण बोलणार

४ नोव्हेंबर

सिनेटर प्रुएटला आज तिसऱ्यांदा ऐकलं आणि तो तिसऱ्यांदा रडला. वडिलांच्या फाटक्या बुटांची गोष्ट सांगताना बुटात घातलेल्या पुठ्ठ्यापाशी आला की त्याचा आवाज बसतो, मग तो पाण्याचा घोट घेतो, मग बायकोकडे बघतो. ऑगस्टच्या जत्रेत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्यांदा वाटलं, माणूस हळवा आहे. आज मी शेजारी बसलेल्या जनीनला कोपराने ढोसलं आणि म्हणाले, आता पाणी पिईल. प्यायला.

जनीन फ्रेरिक्स माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचं म्हणणं, तू राष्ट्राध्यक्षपदाच्या सगळ्या उमेदवारांना ऐकत फिरतेस आणि जानेवारीत मत द्यायची वेळ येईपर्यंत कोण काय म्हणालं याची डोक्यात खिचडी करून ठेवतेस, त्यापेक्षा लिहून ठेव. बँकेने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती, ती काढली.

तर प्रुएट. नावं विसरत नाही. लायलचा गुडघा आता कसा आहे ते त्याने आपणहून विचारलं, आणि लायल दिवसभर त्या एका प्रश्नावर खूश. लायल, म्हणजे माझा नवरा, इथेनॉलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीचा मुकादम आहे. पेट्रोलमध्ये मक्याचं इंधन मिसळायची जी सरकारी सक्ती आहे, ती आपण प्राण गेला तरी उठू देणार नाही असं प्रुएट सांगतो. आमच्या गावात निम्मी घरं त्या कारखान्यावर चालतात. एवढं असूनही त्याच्याबद्दल मनात काहीतरी खुपतंय, आणि ते काय ते मला नीट सांगता येत नाही. मी शाळेची बस चालवते. मागे काय चाललंय ते मला आरशातून दिसतं. फार गोड वागणारं पोर दिसलं की मी त्याच्यावर जरा जास्तच लक्ष ठेवते, तसंच काहीसं.

९ नोव्हेंबर

दुसरा उमेदवार किम्ब्रेल, त्याची मोठी निळी बस गावातून गेली. थांबली नाही, हॉर्न मात्र वाजवला. त्याचं गुळगुळीत पत्रक रोज टपालपेटीत येतं. एवढा पैसेवाला माणूस आहे की त्याला कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही, हे लोकांना आवडतं. आणि तो इतर उमेदवारांना टीव्हीवर जे टोमणे मारतो ते ऐकायला मलाही मजा येते, खोटं कशाला बोलू. पण टोमणे मारणं हे काही काम नव्हे. ते तर मीही करते.

१५ नोव्हेंबर

टॉड ब्रेनन आला होता. गव्हर्नर ओस्ट्रँडरच्या प्रचाराचं काम बघतो. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, गाडीच्या मागच्या सीटवर उशी आणि इस्त्रीचे दोन शर्ट. म्हणाला, एकहॉफबाई, गव्हर्नरांसाठी तुमचं स्वयंपाकघर एका संध्याकाळसाठी द्याल का? आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही. गेल्या खेपेला मी अशाच एका उमेदवाराला घर दिलं होतं, त्याला मत दिलं नाही तरी. कॉफी पाजली म्हणजे नातं जोडलं असं कुणी समजत नाही.

लायलला सांगितलं तर तो म्हणाला, "तो? ज्याच्या तोंडावरची माशी उठत नाही तो?" मग जिना उतरून तळघरात गेला. आज बघते तर पडवीचा दिवा दुरुस्त करून ठेवलाय. मी कधीपासून सांगत होते तेव्हा वेळ नव्हता. त्या माणसाने आपल्या पायरीवर पडून पाय मोडला तर पेपरात आपलं नाव येईल, म्हणून, असं म्हणाला. तिरकं बोलल्याशिवाय याचं काही होत नाही.

१९ नोव्हेंबर

आज जे झालं ते सरळ लिहून टाकते.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिम्याचे पाव आणि लिंबाच्या वड्या केल्या होत्या. लायल पाळीला जायच्या आधीचा थोडा वेळ थांबला होता, कारखान्याचं जाकीट अंगात, फ्रिजला टेकून. ओस्ट्रँडर उंच, वाकलेला, सर्दी झालेला. मला ट्वायलाऐवजी टॉयला म्हणाला. भाषण आकड्यांचं, एकाही वाक्यावर टाळी पडली नाही. जनीन भांडी आवरायला लागली, म्हणजे बघा.

मग मी माझा प्रश्न विचारला. हा प्रश्न मी या खेपेला प्रत्येकाला विचारते: तुम्ही दुसऱ्या राज्यात बोलता पण आमच्याकडे बोलत नाही अशी एक गोष्ट सांगा. प्रुएट यावर हसला होता आणि म्हणाला होता, ट्वायला, तुला तर आमच्या प्रचारातच घ्यायला हवं. तेवढंच. पुढे दुसऱ्याचा प्रश्न घेतला.

ओस्ट्रँडरने रुमाल खिशात ठेवला. टॉडकडे बघितलं. टॉडने मान हलवली, नको म्हणून.

"आहे एक," ओस्ट्रँडर म्हणाला. "मी निवडून आलो तर इथेनॉलची सक्ती उठवणार. पाच वर्षांत, टप्प्याटप्प्याने. इथे बोलू नका असं मला सगळ्यांनी सांगितलंय. पण तुम्ही विचारलंत."

 सगळ्यांच्या नजरा लायलच्या जाकिटाकडे. ओस्ट्रँडरचीही गेली. त्याने सरळ लायललाच विचारलं, तुम्ही तिथे काम करता का? लायल हो म्हणाला. ओस्ट्रँडर म्हणाला, मग मी तुमच्या पोटावर पाय देतोय हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल तुम्ही मला मत देऊ नये हेच ठीक. त्याला दया आली असं काही नव्हतं. नुसतं सांगितलं.

आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही म्हणून, त्या शांततेत बोलून गेले: "कॉकसच्या दिवशी तुमच्यासाठी मी बोलेन."

असं का म्हणाले मी? कॉकसला गावातले सगळे रिपब्लिकन शाळेत जमतात, मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराच्या बाजूने गावातलाच एक जण उठून बोलतो. ओस्ट्रँडरसाठी आमच्याकडे कुणी मिळणार नव्हतं. टॉडने माझा हात दोन्ही हातांत धरला. लायल डबा घेऊन पाळीला गेला.

२० नोव्हेंबर

लायल जेवताना बोलला नाही. मीही नाही. मीठ मागितलं, दिलं.

२ डिसेंबर

गावभर झालंय. बसच्या थांब्यावर पोरांच्या आया पूर्वी हात हलवायच्या, आता फोनमध्ये बघतात. लहानग्या बेकी हॉप्टने मला विचारलं, तुम्ही माझ्या आजोबांचा कारखाना बंद करणार आहात का? तिचे आजोबा म्हणजे डग हॉप्ट, कारखान्याचा व्यवस्थापक, आणि आमच्याकडे प्रुएटच्या बाजूने तोच बोलणार आहे.

जनीनला म्हटलं, माझं काही चुकलं का गं? ती म्हणाली, "चुकलं काय, तू तुझ्याच ताटात माती कालवलीस. आणि तीही त्या नाक गळणाऱ्यासाठी." मग म्हणाली, सांग तब्येत बरी नाही, कुणी काही म्हणणार नाही. मला म्हणता आलं असतं. पण मी शब्द दिला तो माझ्या स्वयंपाकघरात, वीस माणसांसमोर.

आज बसच्या फेरीच्या मधल्या वेळात बसून पुन्हा सगळ्यांचा विचार केला. किम्ब्रेल लढेल, पण कुणासाठी लढेल ते त्यालाही माहीत नसेल. प्रुएट आमच्या पोटाची काळजी घेईल. आमचं पोट म्हणजे काही लहान गोष्ट नाही. ओस्ट्रँडरला माणसांचा लळा नाही, तो भाषण करताना खिडकीबाहेर बघतो, निवडून येणं कठीण. पण मी विचारलं आणि त्याने उत्तर दिलं. इतकी वर्षं मी या लोकांना प्रश्न विचारते आहे. उत्तर पहिल्यांदा मिळालं.

हे तोलायचं कसं ते मला कळत नाही. एका पारड्यात लायलचा पगार आहे.

८ डिसेंबर

लायल काल रात्री ओठ फुटून घरी आला. शर्टाचं बटण गायब. कारखान्यात कुणाशी तरी हाणामारी झाली, आणि ज्या माणसाने मुलांनाही कधी फटका मारला नाही तो हे करतो? विचारलं तर म्हणाला, दारावर आपटलो. रात्रपाळीच्या डीनच्या बायकोने मला दुकानात बघून मान फिरवली, तेव्हा दार कुठलं ते कळलं. कशावरून झालं ते मात्र कुणी सांगेना. डीनबरोबर हा वर्षानुवर्षं मासे धरायला जातो.

माझ्यावरचा राग असा बाहेर काढतोय, दुसरं काय. मी बर्फाची पिशवी दिली. त्याने ती घेतली आणि टीव्हीसमोर बसला. आज मला फार एकटं वाटलं.

१६ डिसेंबर

चर्चमध्ये सूपचं जेवण होतं. डग हॉप्ट ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. नेहमीसारखाच गोड, नातीची चौकशी केल्याबद्दल आभार वगैरे. मग आवाज खाली आणला.

"लायल चांगला माणूस आहे, ट्वायला. दुसरी पाळी ठेवायची की नाही ते फेब्रुवारीत वरचे लोक ठरवणार. अशा वेळी कुणाच्या घरातून काय बोललं जातं ते कानावर जातं. मी काही म्हणत नाही. लोक म्हणतात."

मी म्हटलं, लोकांना सांग माझ्याशी येऊन बोला. तो हसला आणि माझ्या ताटात आपला पाव ठेवून गेला. आवडतो तुला, म्हणाला. मी चमचा खाली ठेवला.

लायलला हे सांगायचं का? सांगितलं तर तो म्हणणार, बघ, मी म्हटलं नव्हतं? नाही सांगितलं तर हे मी एकटीने गिळायचं. दुसरी पाळी गेली तर या वयात याला कोण घेणार? गुडघा असा. पन्नास मैलांवर गोदामात उभं राहायचं काम, तेही मिळालं तर. मी नाही सांगितलं.

२८ डिसेंबर

ओस्ट्रँडर शेजारच्या गावी आला होता, मी एकटीच गेले. रस्ता नुसता काचेसारखा. ग्रंथालयात खुर्च्या मांडल्या होत्या त्यातल्या निम्म्या रिकाम्या. मी पहिल्या रांगेत बसले, म्हटलं ओळखेल. नाही ओळखलं. टॉडने कानात सांगितल्यावर म्हणाला, अच्छा, तो प्रश्न तुमचा. आणि पुन्हा आकडे.

परतताना गाडीत मी स्वतःवर चिडले. ज्याला माझा चेहराही आठवत नाही त्याच्यासाठी मी घर उलटंपालटं करून घेतलंय. प्रुएटला लायलचा गुडघा आठवतो. मग कोण बरा? दुसऱ्याचा गुडघा लक्षात ठेवणारा, की त्याचं तोंडावर नुकसान सांगणारा?

घरी येऊन टॉडला फोन केला. म्हटलं, माझ्याने हे होणार नाही, दुसरं कुणी बघा.  तो म्हणाला, दुसरं कुणी नाही, एकहॉफबाई. तुम्ही नाही बोललात तर तुमच्या शाळेत त्यांचं नाव कुणी घेणार नाही, एवढंच. त्याने गळ घातली असती तर मी नाही म्हणाले असते. त्याने घातली नाही. आता काय करू? मी म्हटलं, बरं, बघते.

५ जानेवारी

भाषणाला तीन मिनिटं मिळतात. रोज बसमध्ये पोरं चढायच्या आधी म्हणून बघते. घरी न्हाणीघरात, नळ सोडून. आज नळ बंद केला तेव्हा लक्षात आलं की बाहेरच्या खोलीत रेडिओही बंद आहे. बाहेर आले तर लायल बूट चढवत होता. म्हणाला, "ते आकड्यांचं काढून टाक. आकडे सांगून झाले त्याचे." बस्स, आणि कामाला गेला. टोमणा मारायला तेवढं ऐकत होता म्हणजे.

त्याच्या ट्रकमध्ये सीटखाली ओस्ट्रँडरची दोन पत्रकं सापडली, घड्या घालून मळलेली. शेगडी पेटवायला नेली असतील. आमच्याकडे कागद टाकून देत नाहीत.

आकड्यांचं मात्र मी काढून टाकलं.

१३ जानेवारी

कालच्या कॉकसचं आज सकाळी लिहिते आहे. काल हातात पेन धरवलं नसतं.

थंडी इतकी की ट्रक सुरू व्हायला तयार नव्हता. लायलने पाळी बदलून घेतली होती. मला वाटलं, डगच्या बाजूने संख्या भरायला. दोघं एकाच ट्रकमधून गेलो, जाताना फक्त हीटरचा आवाज.

शाळेच्या जेवणघरात आमचं गाव बसलं होतं. मोठे कोट, टोप्या, मुलांच्या उंचीचे बाक, त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले शेतकरी. लायल मागच्या रांगेत डीनशेजारी जाऊन बसला, दोघांत एका माणसाची जागा सोडून. सभेचा अध्यक्ष वेन्डेल, आमचा निवृत्त पोस्टमास्तर. त्याने झेंड्यासमोर शपथ घ्यायला लावली, नियम वाचले, कोरे कागद वाटण्याआधी भाषणं होतील म्हणाला.

किम्ब्रेलच्या बाजूने ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा बोलला, हशा मिळवला. प्रुएटच्या बाजूने डग बोलला. छान बोलला. कारखान्यात कोणाचे आजोबा, कोणाचे वडील होते ते नावं घेऊन सांगितलं. शेवटी लायलकडे हात करून म्हणाला, आपली माणसं आपण सांभाळायची. टाळ्या थांबेनात. मग वेन्डेल म्हणाला, ओस्ट्रँडरच्या बाजूने कुणी आहे का? आणि सगळ्यांना ठाऊक असूनही माझ्याकडे न बघता तो कागदाकडे बघत राहिला.

मी उठले.  पाठ केलेलं पहिलं वाक्यच आठवेना, म्हणून जे आलं ते बोलले.

"मला हा माणूस फारसा आवडत नाही," मी म्हणाले. कुणीतरी हसलं. "त्याला माझं नावही नीट घेता येत नाही. आणि तो जे करणार म्हणतो त्याने माझ्याच घरची चूल विझेल. माझा नवरा मागे बसलाय, त्याला विचारा. पण मी त्याला एक प्रश्न विचारला आणि उत्तर आम्हाला आवडणार नाही हे माहीत असून त्याने ते दिलं. आमच्या घरात बसून, माझ्या नवऱ्याच्या तोंडावर. आपण सगळे म्हणतो, हे लोक खरं बोलत नाहीत. खरं बोललेल्याला आज एकही मत पडलं नाही, तर पुढच्या वेळी कुणी बोलेल का? मग आपल्याकडे फक्त गोड बोलणारेच येतील, आणि त्यात चूक आपली असेल."

एवढंच. तीन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. टाळी एक नाही. मी बाकावर बसले, आणि मला एक सांगितलं पाहिजे, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

मग कोरे कागद आले. पेन्सिल हातात घेतली, आणि डगने हात केला तेव्हाचा लायलचा मागच्या रांगेतला चेहरा डोळ्यांसमोर आला. गुडघा. गोदाम. फेब्रुवारी. मी मनाशी म्हटलं, ओस्ट्रँडरला दिलेला शब्द होता बोलण्याचा. तो मी पाळला. मताचं कुठे ठरलं होतं? मत माझ्या नवऱ्यासाठी. मी प्रुएट लिहिलं. हाताने झाकून लिहिलं, घडी घातली, टोपलीत टाकलं.

मोजणी समोरच झाली. प्रुएट एक्केचाळीस. किम्ब्रेल अडतीस. वेन्डेलने चष्मा वर केला आणि म्हणाला, ओस्ट्रँडर, एक.

अख्खी खोली माझ्याकडे वळली. कुणी वाईट हसलं नाही. उलट जनीनने माझ्या पाठीवर हात ठेवला, डगनेसुद्धा मान लववली, बाई बोलली ते तिने केलं अशी. मी जमिनीकडे बघत राहिले. ते मत माझं नव्हतं. डोक्यात एकच, कुणाचं होतं? मला वाटलं विज्ञानाच्या नव्या मास्तरांचं असेल, ते बाहेरगावचे.

ट्रकमध्ये बसलो. लायलने इंजिन सुरू करून बर्फाने धरलेली काच मोकळी व्हायची वाट पाहिली.

"एकच निघालं," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"दोन निघायला हवी होती."

मला कळलं नाही. मी विचारलं, दुसरं कोण देणार होतं?

"मी दिलं की." तो समोरच बघत होता. "तू एवढ्या लोकांसमोर उभी राहिलीस. म्हटलं, टोपली उघडल्यावर हिचं एकटीचं निघायला नको."

 मी म्हणाले, लायल, मी प्रुएट लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं. आणि मग डग सूपच्या जेवणात काय म्हणाला होता तेही सगळं सांगितलं, एका दमात, रडत.

 काच कधीच मोकळी झाली होती.

"डगला प्रुएट हवा तो माझ्यासाठी," तो म्हणाला. "सिनेटर रडतो तो माझ्यासाठी. आता तूही माझ्यासाठी. मला कुणी विचारायचं नाही का?" मग गिअर टाकताना म्हणाला, "डीन कारखान्यात म्हणाला होता, ही नुसती तोंडाची वाफ दवडते, वेळ आली की लिहिणार प्रुएटच. मी त्याचं थोबाड फोडलं होतं."

घरी आलो. तो बाहेरच्या खोलीत कोचावर झोपला.

१४ जानेवारी

ओस्ट्रँडरने माघार घेतली. सगळ्या राज्यात शेवटचा आला, घेणारच होता. सकाळी बसला निघायच्या आधी टॉडचा फोन आला. आवाज घोगरा. तो सगळ्या बोलणाऱ्यांना फोन करून आभार मानत होता. म्हणाला, तुमच्या गावात एक मत पडलं ते मी गव्हर्नरांना मुद्दाम सांगितलं, एकहॉफबाई. ते तुम्हाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिणार आहेत. असं एकटं उभं राहणारं माणूस फार कमी मिळतं, असं म्हणाले.

लायल टेबलाशी बसला होता. परवा रात्रीपासून आम्ही मीठसुद्धा मागितलं नव्हतं. मला टॉडला हो, आभारी आहे, म्हणून फोन ठेवता आला असता. खरं तर ओठांवर तेच आलं होतं.

"पत्र मला लिहू नका," मी म्हणाले. "माझं मत प्रुएटला गेलं. मी घाबरले. ते एक मत माझ्या नवऱ्याचं, लायल एकहॉफचं. तो इथेनॉलच्या कारखान्यात आहे, त्या दिवशी फ्रिजला टेकून उभा होता तो."

 टॉडने हळूच विचारलं, मग पत्र त्यांच्या नावाने लिहायला सांगू का?

मी लायलकडे बघितलं. त्याने कप खाली ठेवला.

"नको म्हणावं," तो म्हणाला. "मी त्या माणसाला मत दिलंच नव्हतं. मी तुला दिलं होतं."

मी टॉडला एवढंच सांगितलं की पत्र नको, आणि फोन ठेवला. मला बोलायचं होतं, पण बसची वेळ झाली होती. मी कोट घातला. लायल म्हणाला, रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश जा.